टुना सॅलडला सुशीची चव: आधी भात, मग मासा

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्याकडे टिनमधल्या टुनाचे सॅलड नेहमी होते: मेयोनीज, कच्चा कांदा, ढोबळी मिरची, वर मिरपूड. मुलांना आता सुशीची गोडी लागली आहे, पण सासूबाई कच्च्या माशाला हातही लावणार नाहीत. तेव्हा याच सॅलडला घरच्या घरी सुशीच्या अंगाने कसे न्यायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि बाजारात ताजा कुपा, म्हणजे आपल्याकडचा टुना, मिळतो, तो कच्चाच वापरला तर चालेल का, हा दुसरा. मी बरीच वर्षे बार्देशच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कोल्ड किचन सांभाळले, सुशीचे काउंटरही चालवले, आणि आता घरी स्वयंपाकाचे वर्ग घेते. हे दोन्ही प्रश्न वर्गात हमखास येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात तब्येतीचा प्रश्न आहे. नाही, तो कच्चा खाऊ नका.

मालीमच्या जेटीवर किंवा मडगावच्या घाऊक बाजारात पहाटे उतरलेला कुपा कितीही लखलखीत दिसो, कल्ले कितीही लालभडक असोत, तो कच्चा खाण्यासाठी हाताळलेला मासा नसतो. कुपा, गेदर, बांगडा, इसवण ही सगळी एकाच कुळातली मासळी. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा जाळ्यातून वर आल्यापासून सतत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली राहिला नाही, तर जिवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात. हे हिस्टामीन एकदा तयार झाले की शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. वासावरूनही दर वेळी कळतेच असे नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत, चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते, जिभेवर मिरी चावल्यासारखी चुणचुण होते. घरचे म्हणतात माशाची ॲलर्जी झाली. खरे तर मासा बर्फाबाहेर राहिलेला असतो. म्हणून कुपा कालवणासाठी घेतानासुद्धा तो बर्फात गाडलेला असेल तरच घ्या, आणि मे महिन्यात बाजाराला जाताना बर्फाची पिशवी सोबत न्या.

दुसरा धोका परजीवींचा. कच्च्या खायच्या बहुतेक माशांसाठी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवण्याचा नियम जगभर सांगितला जातो. घरातला फ्रीजर जेमतेम उणे १८ ला पोचतो, त्यात दार दिवसातून दहा वेळा उघडते. हॉटेलांत कच्च्या वापरासाठी जो टुना येतो तो वेगळ्याच साखळीतून येतो. चांगला माल तर उणे ६० अंशांवर ठेवलेला असतो. त्याची आणि आपल्या बाजारातल्या कुप्याची तुलना करणे आपल्या नुस्तेवालीवरही अन्यायाचे आहे. ती मासळी शिजवून खाणाऱ्यांसाठी विकते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, आणि इथे मला फार बरे वाटते, कारण तुमच्या घरातल्या टिनने काहीच कमी पडत नाही. जपानमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, ओनिगिरी. त्यातले सगळ्यांच्या आवडीचे सारण म्हणजे टिनचा टुना आणि मेयोनीज. सेव्हन-इलेव्हनने १९८३ मध्ये ते तिथे विकायला आणले आणि तेव्हापासून ते मागे पडलेले नाही. म्हणजे तुम्ही जे करू पाहता ते जपानी घरांत आणि शाळेच्या डब्यांत रोज चालते. शिजलेला टुना ही दुय्यम दर्जाची तडजोड मानू नका.

मग सुशीची चव येते कुठून? भातातून. आंबट, किंचित गोड, किंचित खारट, अंगासरशी कोमट आणि एकमेकांना धरून असलेला भात, हाच सुशीचा प्राण. मासा त्यावर बसतो. मुळात जुन्या काळी मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचे आणि तो टिकवायचे; आंबटपणा तिथून आला. पुढे भातात सरळ व्हिनेगर घालू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुठीवर माशाची फोड ठेवून रस्त्यावर खायची पद्धत रुळली. ज्या टुनाला आज एवढा मान आहे, त्याला त्या काळी फारशी किंमत नव्हती. तो सोया सॉसमध्ये मुरवून वापरत. लोक घरी सुशी करायला बसतात तेव्हा सगळी चिंता माशाची करतात आणि भात उरलेला वापरतात. उलट करा. दोन तृतीयांश कष्ट भातावर घाला.

तांदूळ कुठला? आपला उकडा अजिबात नको. शीत-कडीला त्याच्यासारखा तांदूळ नाही, पण तो आधीच एकदा उकडून वाळवलेला असतो. त्याचा दाणा शिजल्यावर सुटा आणि घट्ट राहतो, दुसऱ्या दाण्याला धरत नाही. बासमतीही नको, त्याच कारणाने नव्हे, पण त्यातही चिकटपणा आणणारा स्टार्च कमी असतो. जपानी तांदूळ पणजी-मडगावच्या मोठ्या दुकानांत मिळतो, महाग असतो. मी वर्गात इंद्रायणी वापरायला सांगते. मावळातला हा तांदूळ शिजला की मऊ आणि चिकट होतो, दाणा लहान असतो, आणि किंमत आवाक्यात. त्याला स्वतःचा सुवास आहे, जपानी तांदळाला तेवढा नसतो. पण व्हिनेगर पडल्यावर तो सुवास मागे सरतो आणि खाणाऱ्याला खटकत नाही. आंबेमोहोर दुसऱ्या क्रमांकावर.

दोन माणसांना १५० ग्रॅम तांदूळ पुरे. तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवा, पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत. मग अर्धा तास भिजवा आणि चाळणीत दहा मिनिटे निथळू द्या. ही निथळणी लोक टाळतात आणि मग पाण्याचा हिशेब चुकतो. जाड बुडाच्या पातेल्यात, तांदूळ मोजला त्याच वाटीने सव्वापट पाणी. तांदूळ नवा असेल तर थोडे कमी, कारण नव्या तांदळात ओल जास्त. उकळी आली की झाकण घट्ट लावून अगदी मंद आचेवर बारा मिनिटे, मग गॅस बंद करून आणखी बारा मिनिटे तसाच. मध्ये झाकण उघडू नका. कुकरमध्येही होतो, पण शिटीच्या जोराने दाणा फुटतो आणि भाताला पिठूळपणा येतो. एकदा पातेल्यात करून फरक बघा.

भात मुरतो आहे तोवर व्हिनेगर तयार करा. जपानी तांदळाचे व्हिनेगर सौम्य असते, त्यात आम्लाचे प्रमाण साधारण ४ ते ४.५ टक्के. १५० ग्रॅम तांदळाला ते २५ मिली, साखर १० ग्रॅम म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे, आणि मीठ ३ ग्रॅम, अर्ध्या चमच्याहून जरासे जास्त. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळू नका.

पण आपण गोव्यात आहोत आणि आपल्याकडे माडाचे व्हिनेगर आहे. रेंदेराने माडावरून काढलेली सूर आंबवून केलेले हे व्हिनेगर मला या भातात फार आवडते. त्याला एक खोल, फळासारखा वास असतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. घरगुती व्हिनेगराची ताकद बाटलीगणिक बदलते, म्हणून आधी २० मिलीच घ्या, त्यात चमचाभर पाणी घाला आणि साखर अर्धा चमचा वाढवा. मग चाखून ठरवा. आणि ते गढूळ असते, भात अगदी शुभ्र दिसणार नाही. माझ्या मते चवीसाठी ही किंमत काहीच नाही. दुकानातले पांढरे सिंथेटिक व्हिनेगर मात्र इथे नको. सोरपोतेलला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणाला, ज्यांच्या घरी तसले व्हिनेगर चालत नाही त्यांना कारण सांगायला नको: ते नुसते टोचते, मागे चव काही ठेवत नाही.

आता भात पसरायचा. जपानमध्ये यासाठी लाकडाचे उथळ, पसरट भांडे असते. ते जास्तीची ओल शोषते. घरात जुनी लाकडी काठवट असेल तर धुऊन, ओल्या फडक्याने पुसून तीच घ्या. नसेल तर स्टीलची परात. भात गरम असतानाच त्यात ओता, व्हिनेगर उलथन्यावरून सगळीकडे शिंपडा आणि लाकडी उलथन्याने भात कापल्यासारखा हलवा. ढवळायचे नाही, दाबायचे नाही. एका हाताने हे करताना दुसऱ्या कुणाला तरी पंख्याने किंवा वर्तमानपत्राने वारा घालायला बसवा. वाऱ्याने वरची ओल पटकन उडते आणि दाण्याला चकाकी येते. गार भातात व्हिनेगर घातले तर ते आत जातच नाही, तळाशी साचते. पाच-सात मिनिटांत भात हाताला कोमट लागला की ओल्या पंचाने झाकून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, दाणा कडक होतो. शिजलेला भात आपल्या हवेत तासन् तास बाहेर राहिला तर त्यात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात. व्हिनेगर त्यांना आवरते, पण घरगुती मापावर मी विसंबत नाही. म्हणून हा भात त्याच वेळच्या जेवणापुरता करा.

एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोवा आणि जपान यांची ओळख फार जुनी आहे. जपानमधल्या कागोशिमाचा अंजिरो १५४८ मध्ये जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकत होता, आणि फ्रान्सिस झेवियर त्याला सोबत घेऊन १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्याच कागोशिमा प्रांतातली माकुराझाकीसारखी बंदरे आज सुकवलेल्या स्किपजॅक टुनासाठी प्रसिद्ध आहेत. तो टुना धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि त्याच्या पातळ पाकळ्या खवून सूप करतात. इकडे आपल्या समुद्रात लक्षद्वीपला त्याच जातीच्या माशाचे मासमीन करतात: उकडून, धुरावून, उन्हात वाळवून. टिनमध्येही बऱ्याचदा हाच स्किपजॅक असतो. तेव्हा टुना आणि जपानी चव यांची गाठ आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

आता टिन. सूर्यफुलाच्या तेलातले तुकडे घ्या. पाण्यातला टुना चोथ्यासारखा लागतो आणि सॅंडविचसाठी म्हणून विकतात तो भुगा तर नकोच. १८५ ग्रॅमच्या टिनमधून निथळून साधारण १३० ग्रॅम मासा हाती येतो. चाळणीत ओता, मग मलमलच्या फडक्यात घेऊन हलकेच पिळा. तुम्ही आजवर केलेल्या सॅलडमध्ये जे पाणी सुटत असेल त्यातले निम्मे इथूनच येते. पिळल्यावर मासा काट्याने मोकळा करा, पण पार कुस्करू नका. दाताखाली तंतू लागला पाहिजे.

मोकळ्या केलेल्या माशावर सगळ्यात आधी एक चहाचा चमचा सोया सॉस घाला आणि पाच मिनिटे थांबा. मेयोनीज आधी पडले तर त्याचे तेल माशाला लपेटते आणि मग सोया आत शिरत नाही. या एका चमच्याचे काम मोठे आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा चव देणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटले. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य कोदामा यांनी सुक्या टुनातला इनोसिनेट हा तसाच दुसरा पदार्थ दाखवला. दोन्ही पदार्थ एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. सोयात ग्लुटामेट आहे, टुनात इनोसिनेट. म्हणून सोया नैसर्गिक आंबवलेला, जपानी पद्धतीचाच घ्या. चायनीजसाठी घरात असलेला काळा, दाट सोया सॉस रंग देतो, गोडसर कडवटपणा देतो, आणि हे नाजूक काम बिघडवतो.

जपानी मेयोनीज १९२५ पासून अंड्याच्या नुसत्या बलकाचे होत आले आहे, म्हणून ते पिवळसर आणि भरदार. आपल्याकडचे साधे अंड्याचे मेयोनीज घेतलेत तरी भागते: तीन मोठे चमचे मेयोनीज, अर्धा चहाचा चमचा तेच माडाचे व्हिनेगर, चिमूट साखर, आणि चालत असेल तर कणभर अजिनोमोटो. बिनअंड्याचे असेल तर साखर वगळा, ते आधीच गोड असते. १३० ग्रॅम माशाला तीन चमचे हे प्रमाण तुम्हाला कमी वाटेल. तेवढेच ठेवा. मेयोनीजने मासा बांधला जावा, बुडू नये. त्यात अर्धा चमचा भाजक्या तिळाचे तेल. आपले नेहमीचे तिळाचे तेल कच्च्या तिळाचे असते, त्याला तो वास नाही. मिळाले नाही तर दोन चमचे तीळ बदामी रंगावर भाजून खलबत्त्यात कुटा आणि ते घाला. मला तर ते अधिक आवडते.

वासाबीची, म्हणजे सुशीसोबतच्या झणझणीत हिरव्या लेपाची, ट्यूब आणायला धावू नका. बहुतेक ट्यूबमध्ये खरी वासाबी नावापुरती असते. बाकी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. नाकात चढणारा जो झणका असतो तो आपल्या मोहरीतही त्याच रसायनाचा आहे. तेव्हा पचडीसाठी फेसतो तशी मोहरी फेसा. चमचाभर मोहरीची डाळ मिक्सरमध्ये कोरडी बारीक करा, दीड चमचा गार पाणी घालून चांगली फेसा आणि झाकून दहा मिनिटे ठेवा. पाणी गारच हवे. झणका तयार करणारे विकर गरम पाण्याने मरते, आणि व्हिनेगर सुरुवातीलाच घातले तरी ते काम करत नाही. दहा मिनिटांनी मात्र दोन थेंब व्हिनेगर घाला, म्हणजे आलेला झणका उडून जात नाही. यातली पाव चमचा सॅलडमध्ये, उरलेली ताटात कडेला. सासूबाईंना ही चव ओळखीची वाटेल, याची मला खात्री आहे.

कच्चा कांदा आणि ढोबळी मिरची दोन्ही काढा. कांद्याचा उग्रपणा भाताच्या आंबट-गोडावर चढून बसतो. त्याऐवजी कांद्याची पात, हिरवा भाग, अगदी बारीक. कुरकुरीतपणासाठी काकडी. पावसाळ्यात आपल्याकडे मोठे तवसे येते, त्याच्या बिया आणि मधला पाणेरी गर काढून टाका, उरलेल्याच्या काडेपेटीच्या काडीएवढ्या फोडी करा, पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. मीठ लावून न पिळलेली काकडी अर्ध्या तासात सगळे पातळ करते. काकडी टुनात मिसळू नका, वाढताना वरून घाला. एप्रिलमध्ये कैरी असते. तिच्या बारीक काड्या काकडीत निम्म्याने मिसळल्या तर हे जपानी जेवण आहे की गोव्याचे, असा प्रश्नच उरत नाही, आणि तो उरू नये असेच मला वाटते. मुळा किसून पिळूनही छान. ॲव्होकॅडो मिळाला तर घाला, नाही मिळाला तर चुकल्यासारखे वाटून घेऊ नका.

आल्याच्या गुलाबी चकत्या घरी करायच्या तर पावसानंतर बाजारात येणारे कोवळे आले घ्या. अगदी पातळ चकत्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर, निथळून मीठ, मग गरम व्हिनेगर-साखरेत. कोवळ्या आल्यात टोकाशी जो लालसर रंग असतो तोच आम्लात गुलाबी होतो. जून आल्याचे पांढरेच राहते, आणि तिखटही फार.

बुडवून खायला नुसता सोया देऊ नका. दोन चमचे सोया, एक चमचा कोकमाचे आगळ, एक चमचा पाणी. जपानी लोक लिंबूवर्गीय फळांचा रस सोयात घालतात, आपल्याकडे आगळ तेच काम सुंदर करते. आगळात मीठ असतेच, म्हणून सोया वाढवू नका. रंग गडद जांभळा येतो.

आता वाढायचे कसे. माझा आग्रह वाडग्याचा. घरात गोल गुंडाळी करायचा अट्टहास बऱ्याचदा सगळा आनंद घालवतो: भात हाताला चिकटतो, पहिली सुरळी होईपर्यंत शेवटच्याचा भात गार होतो. रुंद वाडग्यात कोमट भात, त्यावर टुना, बाजूला काकडी, आले, पातळ अंड्याच्या पोळीच्या कातरलेल्या पट्ट्या, वर नोरीचे, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या कागदाचे, कातरलेले तुकडे. जपानी घरांत सणावारी अशीच पसरलेली सुशी करतात. मुलांना हाताने करायचे असेल तर नोरीचा अर्धा कागद तळहातावर घेऊन ज्याची त्याने सुरळी करावी. अख्खा कागद साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचा असतो, त्याचे दोन भाग करा. पाहुणे खूप असतील तर काकडीच्या जाड चकत्यांना मधे खळगा करून त्यात टुना भरा, भात वगळा; हेही चांगले लागते, पण त्याला मी सुशीच्या जवळचे म्हणणार नाही.

नोरी महाग आहे, म्हणून ती सांभाळून वापरा. जून ते सप्टेंबर आपली हवा तिचा शत्रू आहे. उघडा कागद काही मिनिटांत मऊ पडतो आणि मग चामड्यासारखा ताणतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पाकिटातली ओल शोषणारी पुडी तशीच ठेवून, फ्रीजरमध्ये ठेवा, आणि डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा. मऊ पडलीच तर मंद गॅसवरून एकदा-दोनदा झरकन फिरवा, परत कुरकुरते. आज नोरी जगभर मिळते यामागे कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्लंडमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचे काम आहे. या शेवाळाच्या जीवनक्रमातला एक टप्पा शिंपल्यांत वाढतो हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि त्यावरून जपानला नोरीची भरवशाची शेती करता आली. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. तिथल्या मच्छीमारांनी त्यांचे स्मारक बांधले.

नोरी नसेलच तर समुद्राची चव कुठून आणायची? सुक्या सुंगटांतून, म्हणजे सुक्या कोळंबीतून. किसमूरला भाजतो तशी सुकी सुंगटे मंद तव्यावर कुरकुरीत करा, डोके-शेपटी काढून जाडसर कुटा, त्यात भाजके तीळ, चिमूट साखर आणि काणकोणच्या खोला मिरचीचा थोडा चुरा. हे भातावर भुरभुरवा. माझ्या वर्गातल्या मुली नोरी असतानाही हेच मागतात. चार-पाच दिवस कोरड्या बाटलीत राहते.

ताजा कुपा वापरायची तुमची इच्छा मला समजते, आणि तो शिजवून वापरलात तर टिनपेक्षा सरस होतो. कुप्याच्या मधोमध काळपट लाल मांसाची पट्टी असते. ती काढून टाका, उग्रपणा तिच्यात असतो. ती कालवणात जाऊ द्या. उरलेल्या मांसाचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून वजनाच्या २ टक्के मीठ लावा, वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, पुसून कोरडे करा. लहान पातेल्यात ते बुडतील इतके सूर्यफुलाचे तेल, आल्याची चकती, चार मिरी. आच इतकी मंद की तेलात एखाद-दुसराच बुडबुडा यावा. बारा ते पंधरा मिनिटांत तुकडा आतपर्यंत पांढुरका होऊन पापुद्रे सुटतात. तेलातच निववा आणि फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. यात लसूण घालून तेल साठवू नका, ते धोक्याचे असते. खोबरेल तेल फ्रीजमध्ये थिजते, म्हणून तेही नको. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत चांगला कुपा मिळत नाही; तेव्हा टिन आहेच.

सोमवारी, किंवा श्रावणात अख्खा महिना, घरात नुस्ते, म्हणजे मासळी, चालत नसेल तर काबुली चणे मऊ शिजवून जाडसर ठेचा आणि बाकी सगळे तसेच ठेवा, मेयोनीज बिनअंड्याचे. नोरी शेवाळच असल्याने समुद्राची चव राहते. चण्यांना सोया दीडपट लागतो.

मुलांच्या डब्याचेही विचारले आहे. त्यासाठी ओनिगिरी करा. भाताला व्हिनेगर न लावता नुसते मीठ लावलेल्या ओल्या हाताने गोळा वळा. आत टुनाचा सपाट चमचा, आणि सोबत भिजवून बारीक चिरलेल्या अमसुलाचा कण. जपानी लोक आंबट-खारवलेले उमे फळ भरतात त्या जागी अमसूल चपखल बसते. मेयोनीजमुळे हे उन्हात ठेवायचे जेवण नाही. गोठवलेली पाण्याची लहान बाटली डब्याला टेकवून पिशवीत द्या, आणि मधल्या सुट्टीतच खायला सांगा, दुपारपर्यंत ठेवायला नको. नोरी वेगळ्या कोरड्या पुडीत, खाताना गुंडाळायला. उघडलेल्या टिनमधला उरलेला टुना टिनमध्येच ठेवू नका. काचेच्या डब्यात काढून लगेच फ्रीजमध्ये घाला आणि दोन दिवसांच्या आत वापरा. वर हिस्टामीनचे सांगितले ते बाहेर राहिलेल्या उघड्या टिनलाही लागू आहे.